लेह-केदारनाथला निघालात? उंचीवर कातडीतलं रक्त कुठे जातं आणि बोटं कशी सांभाळायची

एप्रिल लागला की नागपुरात अर्ध्या घरांमधे एकच विषय असतो, उन्हाळ्यात कुठे जायचं, आणि बरेच जण लेह-लद्दाख किंवा केदारनाथचं तिकीट काढतात. मी नर्सिंगच्या मुलींना फिजिऑलॉजी शिकवते त्यामुळे ओळखीतले लोक दरवर्षी हमखास विचारतात की वर गेल्यावर श्वासाचं काय, डोकं दुखलं तर काय. बोटांबद्दल मात्र कुणीच विचारत नाही. आणि वरून आल्यावर सगळ्यात जास्त तक्रारी त्याच, बोटं पांढरी पडली, नखं निळी दिसत होती, चेहरा सुजला, पाय बधिर झाले, अंगठी निघेना. म्हणून म्हटलं एकदा नीट सगळं लिहूनच काढावं, वर कातडीतल्या रक्ताचं नेमकं काय होतं ते आणि घरून निघण्याआधीपासून परत येईपर्यंत काय काय करायचं ते.

आधी हे समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर होईल

कातडीला रक्त लागतं ते खरं तर फार थोडं, तिच्या स्वतःच्या पोटापुरतं. बाकीचं रक्त तिथं जातं ते अंगातली उष्णता बाहेर टाकायला. आरामात बसलेल्या माणसाच्या कातडीतून मिनिटाला साधारण पाव ते अर्धा लिटर रक्त फिरतं, आणि आपल्या मे महिन्यातल्या ४५ डिग्रीत काम करणाऱ्या माणसाच्या कातडीतून तेच ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे हा नळ प्रचंड उघडतो आणि प्रचंड बंदही होतो. बोटांची टोकं, तळहात, तळपाय, कान, नाक, ओठ या जागी तर रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या खास छोट्या वाहिन्या असतात, त्या उघडल्या की हात लालबुंद नि गरम, आवळल्या की हात थंडगार. त्यांचा कंट्रोल सिम्पथेटिक नसांकडे असतो, घाबरल्यावर ज्या नसा छाती धडधडवतात त्याच.

आता नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आणि लेह ३,५०० मीटरवर. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथंही २१ टक्केच असतं पण हवेचा दाबच कमी, त्यामुळे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन नागपूरच्या साधारण दोन तृतीयांश राहतो, आणि खारदुंगला या खिंडीत (तिकडे खिंडीला पास म्हणतात), म्हणजे ५,३५९ मीटरवर, अर्ध्यापेक्षा थोडासाच जास्त. मानेत दोन्ही बाजूला कॅरोटिड बॉडी नावाचे छोटे सेन्सर असतात त्यांना हे लगेच कळतं, ते मेंदूला सांगतात, श्वास वाढतो, हार्ट रेट वाढतो आणि सिम्पथेटिक नसांचा जोर वाढतो. त्या जोरानं बोटांमधल्या वाहिन्या आवळतात. श्वास वाढल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइडही कमी होतो, ओठांभोवती नि बोटांत मुंग्या येण्याचं ते एक कारण आहे.

त्यात थंडी. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा डिग्रीनं उतरतं, वरून वारा. म्हणजे बोटांवर दोन्हीकडून मार, थंडी म्हणते रक्त आत घ्या आणि कमी ऑक्सिजनही तेच म्हणतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याचं प्रेशर कमी झालं की मेन लाइनवरच्या घरांना पाणी मिळतं आणि गल्लीच्या टोकाच्या घराचा नळ नुसता फुसफुसतो, तसं बोटांचं होतं बघा, मेंदू-हृदय-मूत्रपिंड यांचा पुरवठा आधी आणि टोकाची घरं शेवटी.

अजून दोन गोष्टी यात मिसळतात. एक, वर गेल्यावर पहिल्या काही दिवसांत लघवी जास्त होते, कोरड्या हवेत श्वासावाटेही पाणी जातं, त्यामुळे रक्तातला पातळ भाग म्हणजे प्लाझ्मा कमी होतो, १० ते २० टक्क्यांपर्यंतही, आणि रक्त दाट होतं. दाट रक्त बारीक केशवाहिन्यांमधून हळू सरकतं. नवीन लाल पेशी बनायला तर आठवडे लागतात, तेवढा वेळ आपण सुट्टीवर गेलेली माणसं तिथं राहतच नाही. दुसरी गोष्ट, कमी ऑक्सिजनमधे कुडकुडणं जरा उशिरा सुरू होतं, म्हणजे शरीर थंड होतंय याची वॉर्निंगच उशिरा मिळते.

आणि एक फार महत्त्वाचं. खाली आपल्याकडे थंड पाण्यात हात ठेवला तर आधी तो पांढरा पडतो नि दुखतो पण ५-१० मिनिटांनी आपोआप थोडा गरम होतो, मग परत थंड, मग परत गरम. शरीर मधेमधे नळ सोडून बोटं वाचवत असतं. थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३० मधे हे नीट लिहून ठेवलं. उंचीवर नव्यानं पोचलेल्या माणसात हाच बचाव मंदावतो, गरम लाट उशिरा येते आणि कमजोर येते. काही आठवडे राहिलं की थोडी सुधारणा होते. म्हणजे तुमच्या ६-७ दिवसांच्या टूरमधे तुमची बोटं सगळ्यात कच्च्या अवस्थेत असतात, आणि "मला थंडी चालते, मी डिसेंबरातही पंखा लावून झोपतो" याला तिथं काही किंमत नाही.

पिढ्यान् पिढ्या उंचीवर राहिलेल्यांचं वेगळं असतं. २००७ मधे छापून आलेल्या एका अभ्यासात ४,२०० मीटरवर राहणाऱ्या तिबेटी लोकांच्या हातातला रक्तप्रवाह सखल भागातल्या लोकांपेक्षा दुपटीहून जास्त निघाला, आणि वाहिन्या सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडपासून बनणारे घटक रक्तात १० पटींहून जास्त. म्हणून तुमचा लद्दाखी ड्रायव्हर उघड्या हातानं टायर बदलत असला तरी त्याच्याकडे बघून तुमचे ग्लोव्ह काढू नका.

निघायच्या महिनाभर आधी

सगळ्यात आधी रक्ताची एक तपासणी, आणि ही मी मुद्दाम विदर्भातल्या लोकांसाठी सांगतेय: सिकलसेल. आपल्या भागात सिकलसेल भरपूर आहे आणि ज्यांच्याकडे फक्त वाहक गुण आहे, म्हणजे एएस, त्यांना एरवी सहसा काही त्रास होत नाही म्हणून त्यांना माहितही नसतं. ऑक्सिजन कमी झाला की सिकलसेलवाल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांमधे अडकतात. ज्यांना सिकलसेलचा आजारच आहे, म्हणजे एसएस, त्यांनी अशा उंचीवर जाऊ नये, इथं माझं मत अगदी ठाम आहे. एएस वाहक बहुतेक वेळा ठीक राहतात पण उंचीवर त्यांच्या प्लीहेचा रक्तपुरवठा अडून डाव्या बाजूला बरगडीखाली जोरात दुखल्याच्या केसेस वैद्यकीय साहित्यात आहेत, तेव्हा वाहक असाल तर डॉक्टरांशी बोलूनच जा, आणि वर असं दुखलं तर "गॅस झाला असेल" म्हणून बसू नका, खाली उतरा नि दवाखाना गाठा. आधी सोल्युबिलिटी टेस्ट करतात, ती पॉझिटिव्ह आली की एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करून एएस की एसएस ते ठरतं. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत विचारा, गावाकडे असाल तर सरकारी आरोग्य केंद्रात विचारा, केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन मिशन २०२३ पासून सुरू आहे.

त्याच फेरीत हिमोग्लोबिन बघून घ्या. आपल्याकडे बायकांमधे ते कमी असणं इतकं कॉमन आहे की कुणी मनावरच घेत नाही, पण वर आधीच ऑक्सिजन कमी नि त्यात तो वाहून नेणारं हिमोग्लोबिनही कमी, मग थकवा नि धाप दोन्ही वाढतात. गोळ्या सुरू केल्या तरी फरक पडायला काही आठवडे लागतात, म्हणून महिनाभर आधी म्हणतेय, आदल्या आठवड्यात नाही.

डायबेटिस असलेल्यांनी पायांची सेन्सेशन तपासून घ्यावी. तळपायाला आधीच कमी कळत असेल तर थंडीनं बधिर झालेलंही कळणार नाही आणि रूममधल्या हीटरनं भाजलेलंही कळणार नाही.

थंडीत किंवा फ्रीजमधून काही काढताना तुमची बोटं एकदम पांढरी, मग निळी, मग लाल होतात का? याला रेनॉड म्हणतात, मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मधे सांगितलेलं. नागपूरच्या हवेत ते वर्षातून दोन-चारदाच दिसत असेल, वर रोज दिसेल. त्यावर वाहिन्या सैल करणारी औषधं असतात पण ती डॉक्टरच देतील.

चालू गोळ्यांची यादीही डॉक्टरांना दाखवा. बीपीसाठी, मायग्रेनसाठी किंवा हात थरथरतात म्हणून बीटा ब्लॉकर चालू असेल, जसं प्रोप्रॅनोलॉल, तर हातपाय जास्त थंड पडतात. सर्दीच्या काही गोळ्यांमधे नाक मोकळं करणारी जी औषधं असतात ती वाहिन्या आवळूनच काम करतात. मायग्रेनच्या काही गोळ्या पण तशाच. मनानं काही बंद करू नका, फक्त विचारा.

आणि खर्रा, म्हणजे आपलं तंबाखू-सुपारीचं मिश्रण. हे लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. निकोटिन कातडीतल्या वाहिन्या आवळतं, मग ते सिगरेटमधून येवो की खर्ऱ्यातून, आणि आपल्याकडे लोक बॅगेत मोज्यांच्या आधी खर्ऱ्याच्या पुड्या भरतात. गाडीत बसल्या बसल्या दिवसभर तोंडात खर्रा ठेवून ५,००० मीटरचा पास चढणं म्हणजे बोटांना जे थोडंफार रक्त मिळणार होतं तेही तोडणं. सोडायचं कठीण आहे हे मी घरात बघितलंय. तरी निदान जायच्या दोन-तीन आठवड्यांआधीपासून कमी करत या आणि वर असताना पूर्ण बंद ठेवा, जमेल.

बॅग भरताना

हात गरम ठेवायचे तर आधी छाती-पोट गरम ठेवा. पाठ करून ठेवायचं तर एवढं एक वाक्य ठेवा. धड गरम असलं की शरीर स्वतःहून बोटांकडे रक्त सोडतं, आणि धड थंड पडलं की तुम्ही कितीही महागाचे ग्लोव्ह घाला, आत रक्तच येत नाही तर ग्लोव्ह गरम काय करणार, तो फक्त असलेली उष्णता धरून ठेवतो. तेव्हा आधी थर्मल, त्यावर लोकरीचं किंवा फ्लीसचं काहीतरी, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. कान झाकणारी टोपी. थंडीत नागपुरात तिबेटी लोकांचं स्वेटर मार्केट लागतं तेव्हाच घेऊन ठेवलं असेल तर उत्तम, मे महिन्यात इथं चांगला लोकरी मोजा शोधत फिरणं कठीण जातं.

ग्लोव्हमधे पाच बोटांच्या ग्लोव्हपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारा मिटन जास्त गरम. मी तर दोन्ही न्या म्हणेन, आत पातळ पाच बोटांचे आणि वर मिटन, म्हणजे फोटो काढायला मिटन काढलं तरी हात उघडा पडत नाही. मोज्यांच्या दोन-तीन जोड्या जास्त ठेवा, कॉटनचे नको, ओले झाले की वाळत नाहीत आणि ओलं कापड अंगातली उष्णता फार पटकन ओढतं.

बूट घट्ट नको. लोक जाड मोज्यांवर जाड मोजे चढवतात आणि मग त्याच नेहमीच्या बुटात पाय कोंबतात, बाहेरून दाबल्यावर रक्त आत येणार कुठून? एकच जाड मोजा नि आत बोटं मोकळी हलतील असा बूट हे दोन मोजे नि टाइट बुटापेक्षा केव्हाही चांगलं.

अंगठ्या, घट्ट बांगड्या आणि जोडवी घरीच काढून ठेवा. मला माहितेय जोडवी काढायला अनेक जणी तयार नसतात, सासूबाईंचं मन, स्वतःचंही मन. पण वर बोटं सुजतात, मग धातू रुतून बसतो, रक्त अडतं, आणि थंड धातू कातडीला चिकटून असतो तो वेगळाच. साबणाचं पाणी लावून नागपुरातच सहज निघतात, तिथं सुजलेल्या बोटातून कापून काढायची वेळ येते. पायातला घट्ट काळा दोरा पण सैल करून घ्या.

नेलपॉलिश नि गडद मेंदी पण टाळलेली बरी, काहून ते खाली ऑक्सिमीटरच्या भागात सांगते.

पोचल्यावरचे पहिले दोन दिवस

दिल्लीहून विमानानं गेलात तर सव्वा-दीड तासात तुम्ही सरळ ३,५०० मीटरवर. पहिले ४८ तास लेहमधेच आराम, हे तिथले डॉक्टर आणि प्रशासन दोघंही सांगतात आणि ते पाळाच, आल्या दिवशी पँगॉन्ग तलावाला नेतो म्हणणारा टूरवाला बदला. पुढंही एक नियम धरा, ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. दिवसा पास ओलांडून परत खाली झोपायला आलं तर ते चालतं.

पाणी दिवसभर थोडं थोडं पीत रहा, लघवी फिकट पिवळी राहिली पाहिजे एवढंच बघायचं, बादल्याच्या बादल्या प्यायची गरज नाही, अति पाण्यानं रक्तातलं सोडियम उतरतं. जेवण टाळू नका. केदारनाथला जाणारे खूप लोक उपास धरतात, देवावरची श्रद्धा मी समजते, पण रिकाम्या पोटी अंगात उष्णता कमी बनते आणि अंग थंड पडलं की पहिला फटका बोटांना. खिशात शेंगदाण्याची चिक्की, खजूर, संत्रा बर्फी काहीही ठेवा आणि तासा-दीड तासानं एक तुकडा तोंडात टाका.

दारू बिलकुल नको. दारूनं कातडीतल्या वाहिन्या सैल होतात म्हणून गरम वाटतं, पण ती उष्णता अंगातून बाहेर चाललेली असते, आणि झोपेतला श्वासही मंदावतो.

डॉक्टरांनी उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्स ही गोळी दिली असेल, बहुतेकांना १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, तर बोटांत, पायांत, ओठांभोवती मुंग्या येणार. तो गोळीचा परिणाम आहे, रक्त अडलेलं नसतं. ओळखायचं कसं, मुंग्या असून बोट गरम नि गुलाबी असेल तर गोळी, बोट थंड नि पांढरं असेल तर थंडी. सल्फाची ॲलर्जी असेल तर ही गोळी घेण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

सकाळी उठल्यावर चेहरा, पापण्या, बोटं सुजलेली दिसली तर घाबरून जाऊ नका, उंचीवर हे बऱ्याच जणांना होतं, बायकांमधे जास्त, आणि नुसती सूज असेल तर खाली आल्यावर उतरते. पण सुजेसोबत डोकेदुखी, मळमळ, चक्कर असेल तर त्या दिवशी पुढे चढायचं नाही.

रोजची बोटांची तपासणी

सकाळी एकदा आणि गाडीतून दर वेळी उतरल्यावर एकदा, एकमेकांचे हात, नाक, कान बघायचे. स्वतःचं नाक स्वतःला दिसत नाही, म्हणून जोड्या लावून घ्या, नवरा-बायको, भाऊ-बहीण, कोणीही.

नख पाच सेकंद दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत परत गुलाबी झालं तर ठीक. थंड हातात याहून जास्त वेळ लागतोच, तेव्हा आधी हात काखेत गरम करून परत बघा, मग खरं काय ते कळेल.

आपल्या सावळ्या कातडीवर रंग ओळखणं जरा कठीण जातं आणि बऱ्याच लेखांमधे गोऱ्या कातडीचेच फोटो असतात. आपल्याकडे थंडीनं मारलेली जागा पांढरीशुभ्र दिसेलच असं नाही, ती राखाडी, पिवळट, मेणचट, बाजूच्या कातडीपेक्षा निस्तेज दिसते. निळेपणा बघायचा तर ओठांच्या आतल्या बाजूला, जिभेवर, नखांखाली. आता यात फरक असा की फक्त बोटं निळसर असतील आणि जीभ गुलाबी असेल तर बहुतेक थंडीनं वाहिन्या आवळल्यात, हात गरम केला की रंग परत येतो. जीभ नि ओठांची आतली बाजूच निळी पडत असेल तर अख्ख्या रक्तातच ऑक्सिजन कमी आहे. त्यात बसल्या जागी धाप, सुका खोकला, किंवा सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकून चालता न येणं यातलं काहीही असेल तर हा फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचायचा धोका आहे, ऑक्सिजन लावा आणि रात्र असली तरी लगेच खाली उतरा, लेहच्या जवळ असाल तर तिथलं सोनम नुर्बू हॉस्पिटल गाठा.

ऑक्सिमीटरबद्दल, कोविडपासून प्रत्येक घरात एक आहेच. ते बोटातल्या रक्ताच्या ठोक्यावर चालतं, म्हणून बोटात रक्तच येत नसेल तर ते काहीही दाखवतं. पाच मिनिटं बसा, हात गरम करा, बोटाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको, मशीन लावल्यावर हात हलवू नका आणि आकडा अर्धा-एक मिनिट एका जागी थांबला की मगच वाचा. लेहमधे नवीन माणसाला ८५ ते ९० चा आकडा दिसणं नेहमीचं आहे, नागपुरात तो दिसला तर आपण धावत सुटलो असतो. शिवाय २०२० मधे अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून दिसलं की गडद कातडीच्या लोकांमधे ही मशीन खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवायची शक्यता जास्त असते. तेव्हा आकडा चांगला आणि माणूस वाईट दिसत असेल तर माणसावर विश्वास ठेवा.

पास ओलांडताना, बाइकवर असाल तर विशेष

शून्य डिग्रीत ताशी ४० च्या वाऱ्यात उघड्या कातडीला उणे ७ सारखं लागतं. बाइकवर हा वारा तुम्ही स्वतः तयार करता, आणि हात हँडल घट्ट धरून एका जागी आवळलेले. नागपूरहून थेट बाइकनं जाणाऱ्या मुलांना माझं सांगणं, अर्ध्या-पाऊण तासानं थांबा, उतरा, आणि दोन्ही हात खांद्यापासून गोल गोल जोरात फिरवा, फिरवण्याच्या जोरानं रक्त बोटांच्या टोकापर्यंत ढकललं जातं, मिनिट-दोन मिनिटांत फरक कळतो. धाप लागेल इतकं मात्र नको. पास वरती १५-२० मिनिटांच्या वर रेंगाळू नका, फोटो काढा नि निघा. उघड्या हातानं धातूला हात लावू नका.

केदारनाथवाल्यांसाठी, मंदिर ३,५८३ मीटरवर आहे आणि एप्रिल अखेरीस किंवा मे महिन्यात दार उघडतं तेव्हा आजूबाजूला बर्फ असू शकतो. चढताना घामानं कपडे भिजतात, वर पोचून रांगेत उभं राहिलं की तोच घाम थंड होतो. म्हणून वर पोचल्यावर पहिलं काम, आतले कपडे नि मोजे बदलणं. दर्शनाला बूट काढावे लागतात आणि थंड दगडी फरशी तळपायातून उष्णता खेचते, त्या वेळी जाड लोकरी मोजे घाला, ते ओले झाले तर बाहेर आल्याबरोबर बदला. सोबत आजी-आजोबा असतील तर त्यांचे पाय तुम्ही स्वतः हातानं चाचपून बघा, ते "काही नाही, ठीक आहे" म्हणतीलच.

आणि ऊन. थंडी वाजतेय म्हणून ऊन लागत नाही असं वाटतं पण दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे हनुवटीखाली नि नाकपुड्यांखाली पण भाजतं. ३० च्या वरचं सनस्क्रीन दर दोन तासांनी, ओठांनाही सनस्क्रीनवालंच बाम. भाजलेल्या कातडीत वाहिन्या सताड उघड्या राहतात, मग दिवसा चेहरा तापतो नि संध्याकाळी तिथूनच थंडी शिरते. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावल्यानं कातडी फुटत नाही हे खरं, पण त्यानं हिमदंश टळतो हा समज चुकीचा आहे, उलट संरक्षण झालं असं वाटून माणूस तोंड उघडं ठेवतो.

बोट पांढरं पडलंच तर

आधी दुखतं, मग दुखणं थांबतं. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं समजू नका, बोटाची कातडी साधारण १० डिग्रीच्या आसपास उतरली की जाणीवच कमी होते. दुखत होतं नि आता काहीच कळत नाही, ही सगळ्यात धोक्याची वेळ.

लगेच वाऱ्यातून बाजूला, गाडीत किंवा दुकानात. ओले ग्लोव्ह-मोजे काढा. हात स्वतःच्या काखेत, पाय सोबतच्या माणसाच्या पोटावर, लाज बाजूला ठेवा. काहीतरी गरम गोड प्या. १०-१५ मिनिटांत मुंग्या येत, झोंबत, लाल होत जाणीव परत आली तर वरवरचं होतं, पण त्या दिवशी ते बोट परत उघडं करायचं नाही.

चोळायचं नाही. बर्फ तर मुळीच चोळायचा नाही. शेगडी, बुखारी, गाडीच्या सायलेन्सरवर शेकायचं नाही, बधिर कातडीला चटका कळत नाही. हॉट वॉटर बॅग थेट कातडीवर नको. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका, त्याच्या गॅसनं माणसं झोपेतच जातात.

जाणीव परतच आली नाही, कातडी लाकडासारखी कडक लागतेय, तर हा हिमदंश. इथं एक प्रश्न स्वतःला विचारायचा, हे बोट परत गोठण्याची शक्यता आहे का? अजून पास ओलांडायचाय, अजून चालायचंय, तर वितळवू नका, सुकं नि सैल झाकून खाली न्या, कारण एकदा वितळून परत गोठलं तर नुकसान कितीतरी जास्त होतं. गरम जागेत नि दवाखान्याच्या आवाक्यात असाल तर ३७ ते ३९ डिग्रीच्या पाण्यात साधारण अर्धा तास ठेवा, थर्मामीटर नसेल तर धडधाकट माणसानं आधी कोपर बुडवून बघा, कोमट लागलं पाहिजे. पाणी थंड होत जातं तसं गरम घालत रहा. खूप दुखेल, ते रक्त परत येण्याचं दुखणं आहे. चालत असेल तर आयबुप्रोफेन द्या, दुखणं नि सूज दोन्ही कमी होतात. फोड आले तर फोडू नका, बोटांमधे सुका गॉज ठेवा, त्या पायावर चालू नका. आणि लवकर मोठ्या दवाखान्यात, कारण गुठळ्या विरघळवणारी औषधं पहिल्या २४ तासांतच कामाची असतात, वाहिन्या सैल करणारं इलोप्रोस्ट नावाचं औषधही गंभीर हिमदंशासाठी २०२४ मधे अमेरिकेत मंजूर झालंय.

परत आल्यावर

ज्या बोटाला एकदा थंडीचा मार बसला ते पुढची बरीच वर्षं थंडीला हळवं राहू शकतं, थंड पाण्यात झोंबतं, लवकर पांढरं पडतं, कधी जास्त घामेजतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी गाडीवर जाताना त्या हातात ग्लोव्ह घाला. परत आल्यावर बोटांवर लालसर-जांभळ्या खाजऱ्या गाठी दिसल्या तर ते चिलब्लेन, थंडी नि ओलीनं होतात, बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत बसतात, पण बधिरपणा टिकला किंवा बोटाचं टोक काळं पडायला लागलं तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

आणि मे-जूनमधे परतत असाल तर नागपूरच्या उन्हाचंही ध्यानात ठेवा. उन्हाळ्याची सवय झालेल्या शरीरात प्लाझ्मा वाढलेला असतो, वर आठवडाभर राहून आलं की तो उतरलेला असतो, आणि इथं विमानतळाबाहेर पाय ठेवल्या ठेवल्या कातडी परत लिटरच्या लिटर रक्त मागते. पहिले चार-पाच दिवस दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका, मीठ-लिंबाचं पाणी, ताक, पन्हं चालू ठेवा, आणि एकदम उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथंच खाली बसा.